चढाला एक, उताराला एक

आमच्या भावोजींना तीन दिवस डोंगरात जायचं असलं, की पंधरा दिवस आधीपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर मुलाखती सुरू होतात. बाकीची माणसं बुटाचा तळ बघतात, तंबूला भोक पडलंय का बघतात आणि निघतात. हे गृहस्थ बूट शेवटच्या दिवशी शोधतात. आधी पंधरा दिवस डोक्यावर हेडफोन, पुढ्यात वही, हातात पेन्सिल, आणि एकामागून एक पॉडकास्ट त्यांच्यापुढे उमेदवारासारखे हजर.

प्रत्येकाला दोन मिनिटं. तिसरं मिनिट नाही. दोन मिनिटांत ज्याला आपलं म्हणणं सुरू करता येत नाही तो मला डोंगर काय चढवणार, असं त्यांचं म्हणणं. मग वहीत खूण. बरोबर, फुली, नाहीतर प्रश्नचिन्ह. वहीत रकाने तीन: चढ, उतार, तंबू.

चढाला एकटाच बोलणारा माणूस लागतो. दोघं गप्पा मारत असले की पाऊल कुणाच्या तालावर टाकायचं ते कळत नाही म्हणे. आणि चढाला विनोदी काही अजिबात नको. एका वर्षी चढता चढता हसू आलं, दम असा लागला की दगडावर वीस मिनिटं बसून राहिले आणि मागून येणाऱ्या एका बाईंनी तोंडावर पाणी मारलं. तेव्हापासून हसणं उतारासाठी राखीव. तंबूत मात्र ज्याला शेवटच नाही असं काहीतरी हवं, म्हणजे झोप लागली तरी काही चुकल्यासारखं वाटत नाही.

"भावोजी," मी एकदा म्हटलं, "एवढं पारखून एखादी बायको केली असतीत तर?"

"बायकोला दोन मिनिटांनी बंद करता येत नाही, वहिनी. दादाचं बघून शहाणा झालो."

तर हे माझे धाकटे दीर. वय छप्पन्न, वरच्या मजल्यावर एक खोली, जेवायला खाली. लग्न केलं नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही, वाटतं ते आम्हालाच. एकतीस वर्षं एका कानाच्या दवाखान्यात नोकरी. डॉक्टर नव्हेत हं. डॉक्टरीणबाई वेगळ्या, त्या पलीकडच्या खोलीत. भावोजींचं काम म्हणजे माणसाला किती ऐकू येतं ते तपासायचं.

ती खोली मी पाहिलीय. भिंतींना करडा स्पंज, अंड्यांच्या ट्रेसारखा वरखाली. दार फ्रिजच्या दारासारखं जाडजूड, लावलं की 'फस्स' करतं. आत एक खुर्ची, भिंतीत एक दुहेरी काच. पेशंट आत, हे काचेच्या बाहेर मशीनपाशी. पेशंटच्या कानावर हेडफोन चढवायचे आणि म्हणायचं, "आवाज आला की बोट वर करा. कितीही बारीक असू दे. खात्री नसली तरी वर करा." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय की घरातली पोरं त्यांना बोटवर काका म्हणायला लागली, आणि ती पोरं मोठी होऊन कामाला लागली तरी नाव तेच.

लोक तपासणीतही लबाडी करतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. विशेषतः म्हातारी माणसं. काचेतून ह्यांच्या खांद्याकडे बघत बसायचं. खांदा हलला म्हणजे बटण दाबलं, की लगेच बोट वर. पास व्हायचंय ना! म्हणून भावोजींनी खांदा, भुवया, ओठ, सगळं दगडासारखं ठेवायची सवय लावून घेतली. त्याचा फटका आम्हाला. पत्ते खेळायला बसले की ह्यांच्या हातात काय आहे ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही. एकदा सूपमध्ये मिठाऐवजी साखर पडली माझ्याकडून, तर हे गृहस्थ वाटीभर प्यायले आणि चेहरा तसाच. मला वाटलं, चला, आवडलं.

पण त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. तपासणी झाली की ते कागद टेबलावरून पुढे सरकवत नाहीत. स्वतः आत जातात, पेशंटच्या शेजारी स्टूल ओढून बसतात, आणि आधी काय काय ऐकू येतं ते सांगतात. "जे येतं ते आधी सांगायचं, वहिनी. जे गेलं ते त्याला माहीतच असतं, म्हणून तर तो आलेला असतो."

आता माझ्या धाकटीकडे येते. माझी धाकटी लेक सव्वीस वर्षांची, बसस्थानकावरच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात काम करते. दिवसभर लोकांच्या विसरलेल्या पिशव्या उघडून आत काय आहे ते लिहून ठेवायचं. त्यातून तिच्या डोक्यात आलं आणि तिने स्वतःचा पॉडकास्ट काढला. दर भागात एक माणूस आपली पिशवी टेबलावर उलटी करतो आणि एकेका वस्तूबद्दल बोलतो, बस. आठ भाग झाले. पहिला भाग माझा! माझ्या पर्समधून अकरा हेअरपिना, कुणाचा तरी चष्मा आणि दाराची एक मूठ निघाली. मूठ कुठल्या दाराची ते आजतागायत कळलेलं नाही. पण बोलले मी त्यावर छान.

ह्या वर्षीच्या मुलाखती सुरू झाल्या तशी धाकटी म्हणाली, "काका, माझे आठही भाग तुझ्या फोनमध्ये घालून देते. सगळे नको घेऊस. एक तरी घे."

"घेऊ की," म्हणाले, आणि तिथेच हेडफोन चढवले. आम्ही दोघी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघतोय. दगड. दोन मिनिटं झाली, हेडफोन काढले. "छान आहे. बघू."

वहीत काहीतरी लिहिलं आणि हात धुवायला उठले. धाकटीने मान लांब करून वहीत बघितलं. फुली.

"आई, फुली मारली त्याने!"

"हळू बोल."

"हळू काय? जुन्या पुलांवर बोलणारा तो खोकणारा म्हातारा आहे ना, त्याला बरोबर! जुने निकाल वाचून दाखवणारा जज, त्याला बरोबर! मला फुली!"

"अगं, पहिला भाग माझा होता. म्हणजे फुली मला आहे."

"आई, प्लीज. आत्ता तुझं नको." तिचे डोळे भरून आले. "आवडलं नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. मला काय, लोक रोज आवडलं नाही म्हणतात. छान आहे म्हणाला आणि फुली मारली."

ही मुलगी लहान असताना दिवसभर काकाच्या मागे 'मी गाऊन दाखवू, मी वाचून दाखवू' करत फिरायची. आणि काका सगळं ऐकायचा. दोन मिनिटांचा नियम तिला कधी लागू नव्हता. त्यामुळे ती फुली तिला कुठे लागली ते मला कळत होतं. भावोजींना विचारावं तर ते पत्त्यातले भावोजी.

नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या बरोबर दरवर्षी जाणारा त्यांचा औषधवाला मित्र पायरीवरून घसरला. घोट्याला ही एवढी वांग्याएवढी सूज. मी लगेच म्हटलं, "आम्ही दोघी येतो."

भावोजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "वहिनी, तिथे चालायचं असतं."

"मग? मी काय आयुष्यभर सरपटत आलेय?"

"आणि बोलायचं नसतं."

"तुमच्या कानात तो पूलवाला असणार ना? मग मी बोलले काय नि नाही काय."

आमचे हे म्हणाले, "घेऊन जा रे तिला, तीन दिवस घरात जरा..." पुढचं वाक्य त्यांनी सुज्ञपणे गिळलं.

पहिल्या दिवशी बसने पायथ्याशी गेलो आणि चालायला लागलो. पुढे भावोजी, कानात चढाचा रकाना. मधे धाकटी, काकाशी एक शब्द बोलत नव्हती. आणि मागे मी, दोघांच्या वाटचं बोलत. पाठीवरची पिशवी अशी वाटत होती की आत कुणीतरी बसलंय आणि मधून मधून जागा बदलतंय. पण खरं सांगते, भावोजींना चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. घरात खुर्चीत बसलेला माणूस आणि डोंगर चढणारा माणूस, दोन वेगळे. पाऊल एकसारखं, घाई नाही. वळणावर थांबून मागे बघायचे, आम्ही दिसलो की पुढे. मी हात केला की तेही हात करायचे.

दुपार कलल्यावर एका ओढ्याकाठी सपाट जागा होती तिथे तंबू लावले. त्यांचा एक, आमचा एक. आमचा तंबू मी आणि धाकटीने लावला तो वाऱ्याने एका बाजूला बसला. भावोजींनी हेडफोन गळ्यात टाकले आणि काही न बोलता परत नीट लावून दिला. मग छोटी शेगडी पेटवली, तिच्यावर शिटीची किटली. सूर्य डोंगरामागे गेला होता, पण उजेड होता अजून.

आणि झाडांतून किडे सुरू झाले. साधं किर्र नाही. अहो, सगळं रान एका सुरात ओरडत होतं, कानात सुई घालावी तसं. किटली उकळली, तिची शिटी त्यात मिसळली. धाकटीने दोन्ही हात कानांवर ठेवले. मी ओरडून म्हणणार होते, भावोजी, शेगडी बंद करा.

भावोजी किटलीपासून हातभर अंतरावर बसले होते. पाय लांब केलेले, पाठ झाडाला टेकलेली. तोंड माझ्याकडे करून, अगदी समाधानाने म्हणाले,

"काय शांतता आहे नाही, वहिनी!"

मी धाकटीकडे बघितलं. तिने कानांवरचे हात हळूच खाली घेतले.

आयुष्यात मला बोलायला शब्द सापडले नाहीत असे प्रसंग दोन. एक हा. दुसरा सांगण्यासारखा नाही. मी उठले, शेगडी बंद केली आणि चहा केला. कप हातात देताना म्हटलं, "हो ना. फारच."

मग डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. आमच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टिंटिं करतो. आधी कोणीही कुठेही असो, उठून दार लावणारे भावोजी. गेले कित्येक महिने तो टिंटिं करतो आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. मी म्हणायचे, आळशी झालेत. मी तर तोंडावर म्हटलं होतं!

"भावोजी, ती वही द्या हो जरा. उद्या काय ऐकणार ते बघते."

दिली. पान उलटलं. बरोबरची खूण असलेले सगळे: पूलवाला म्हातारा, जज, एक बोटीवरचा निवृत्त कप्तान, एक जाड्या घशाचा माळी. फुली असलेले सगळे: स्वयंपाकावर बोलणाऱ्या बाई, ताऱ्यांवर बोलणारी मुलगी, दोन बहिणी, शाळेच्या बाई. विषय काहीही असो. जाडा आवाज बरोबर, बारीक आवाज फुली. आणि आमच्या धाकटीचा आवाज तर असा की सुईत ओवावा. माझ्यावर गेलाय.

मी तिला तंबूत हळूच सांगितलं. ती उठून बसली. मग म्हणाली, "आई, म्हणजे त्याने मला नापास नाही केलं." आणि लगेच, "आई, पण त्याचं काम?"

तेच तर. ज्याचं पोट दुसऱ्यांचे कान तपासण्यावर, त्याचेच कान दगा द्यायला लागले तर त्याने जायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात मोठा चढ होता. मी मुद्दाम तोच निवडला. चढावर माणूस पळू शकत नाही. धाकटीला पुढे पाठवलं आणि भावोजींच्या बरोबरीने चालायला लागले. त्यांनी नाइलाजाने एका कानावरून हेडफोन सरकवला.

"भावोजी, काल किडे किती ओरडत होते?"

पाऊल चुकलं त्यांचं. एवढंसंच. पण एकसारख्या पावलात ते दिसतं.

"कधी?"

"तुम्ही शांतता म्हणालात तेव्हा."

दहा-बारा पावलं पुढे गेले. मग हेडफोन काढून पिशवीत ठेवले आणि एका दगडावर बसले. दम लागला म्हणून नाही.

"कुणाला सांगू नका, वहिनी."

"मी? माझ्या पोटात काही राहतं का ते तुम्हाला माहिती आहे. म्हणून तुम्हीच आधी सांगा, म्हणजे मला दुसऱ्यांना सांगावं लागणार नाही."

हसले थोडे. मग सांगितलं. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी, मशीनचे हेडफोन स्वतःच्या कानावर लावून सगळे आवाज एकदा ऐकून बघायचे असतात. जाड्यापासून बारीकपर्यंत, दोन्ही बाजू. सगळे वाजताहेत ना, कुठे खरखर नाही ना. मग रजिस्टरमध्ये बरोबरची खूण. एकतीस वर्षं रोज केलेलं काम. हात आपोआप चालतो, खूण आपोआप होते.

"दोन महिन्यांपूर्वी हेडफोनच्या एका बाजूचे बारीक आवाज बंद पडले. आतला पडदा बिघडला होता. चार दिवस. चारही दिवस मी खूण करत होतो, वहिनी."

"आणि कळलं कसं?"

"एक गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या तपासायला. त्या म्हणाल्या, अहो, मधेच काही वाजतच नाहीये. मी त्यांना म्हटलं, वाजतंय, नीट लक्ष द्या." ते हाताच्या तळव्यांकडे बघत होते. "असं म्हटलं मी त्यांना."

"मग?"

"हेडफोन बदलून घेतले. त्या चार दिवसांतले अकरा पेशंट परत बोलावले, सगळ्यांची तपासणी पुन्हा केली. मशीन बिघडलं होतं म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं ते."

"खरंही नव्हतं."

"नाही."

"स्वतःचे कान तपासलेत?"

"तीनदा. एकटाच. एका हाताने बटण दाबायचं, डोळे मिटायचे. तिन्ही वेळा पास." आणि हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "क्रम पाठ आहे ना मला. कुठल्या आवाजानंतर कुठला, मधे किती थांबायचं. माझं बोट आवाज यायच्या आधी तयार असतं. मी मलाच पकडू शकत नाही, वहिनी. ते खांद्याकडे बघणारे आजोबा बरे."

"डॉक्टरीणबाईंना सांगा ना."

"आणि त्या खोलीत मी काय म्हणून बसू? चार वर्षं राहिलीत माझी. काउंटरवर बसवतील, नंबर पुकारायला." बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागले. "मला दुसरं काही येत नाही हो."

शहाणपणाचं काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "मी तपासते तुम्हाला."

"तुम्ही?"

"मला कुठला क्रम पाठ आहे? मी बटणं दाबेन तशी दाबेन."

"वहिनी, तिथे गप्प बसावं लागतं. अर्धा तास. चेहऱ्यावरही काही बोलायचं नाही."

"तेवढं जमेल," म्हटलं. दोघांनाही माहीत होतं की कधी जमलेलं नाही.

धाकटी वरच्या वळणावर थांबून आमची वाट बघत होती. तिथे पोचल्यावर भावोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझं बोलणं मला धुक्यातून आल्यासारखं येतं. कुणीतरी बोलतंय ते कळतं, काय बोलतंय ते नाही."

"मग तसं सांगायचं ना, काका. छान आहे कशाला म्हणालास?"

"छान असणारच म्हणून."

ती नाक पुसत पुढे गेली. उरलेल्या दोन दिवसांत कोणी कानात काही घातलं नाही. मी बोलत होते, भागलं त्यांचं.

दवाखान्याची किल्ली भावोजींकडेच असते, रोज तेच उघडतात. रविवारी सकाळी आम्ही दोघं गेलो. रिकामा दवाखाना कसा वाटतो म्हणून सांगू! खुर्च्या रांगेत, कुणीही नाही, आणि भिंतीवरचं घड्याळ उगाच कामावर आलेलं. त्यांनी मला मशीन समजावून सांगितलं. हा खटका आवाज जाडा-बारीक करायचा, हा मोठा-हळू करायचा, हे बटण. कुठल्या आवाजाला बोट वर आलं ते ह्या कागदावर लिहायचं.

"कुठलाही क्रम लावू नका."

"मी घरात कधी लावलाय?"

"आणि मधे मधे थांबा. कधी थोडं, कधी खूप."

मग ते आत गेले. दार 'फस्स' झालं. काचेपलीकडे भावोजी त्या खुर्चीत बसले, जिथे त्यांनी हजारो माणसं बसवली होती. हेडफोन लावले, डोळे मिटले, हात मांडीवर. त्या खुर्चीत ते मला लहान दिसले. माझ्या लग्नात हे गृहस्थ शाळेच्या गणवेशाच्या पँटमध्ये आले होते, तेवढे.

मी जाडा आवाज दिला. बोट वर. आणखी हळू केला. बोट वर. एकदम मधला दिला, बोट वर. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग बारीक दिला. काही नाही. वाढवला. काही नाही. अजून वाढवला. चेहरा तसाच, वाट बघणारा. मी आकडा वाढवत गेले, वाढवत गेले, आणि पलीकडे तो माणूस इतकं मन लावून काहीच ऐकत नव्हता. शेवटी बोट किंचित हललं आणि वर आलं. मी आकडा लिहिला, पण चेहरा धरला. अख्खा अर्धा तास धरला. आमच्या ह्यांना सांगितलं तर अजून पटत नाही.

आणि तीनदा असं झालं, की मी हात मांडीवर ठेवून नुसती बसले होते आणि त्यांचं बोट वर आलं.

झाल्यावर मी आत गेले. स्टूल ओढलं आणि शेजारी बसले. त्यांनी हेडफोन काढले. "सांगा."

"जाडे सगळे आले. दोन्ही कानांनी, अगदी हळू केले तरी. मधलेही बहुतेक आले. म्हणजे बसचा हॉर्न, दारावरची थाप, तुमच्या दादाचं घोरणं, मी रागावून बोलते ते, सगळं येतं तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत होते. "जे येतं ते आधी. शिकलात की."

"बारीक नाही आले, भावोजी. डाव्या कानाला जास्त कमी." मी स्टूल आणखी जवळ ओढलं. "आणि तीन वेळा तुम्ही बोट वर केलंत, तेव्हा मी बटणाला हातही लावला नव्हता."

ह्या वाक्याने ते हलले. कान गेल्याचं त्यांना माहीत होतं, हे नव्हतं. कागद घेतला, पेन्सिलीने स्वतः ठिपके जोडले. उजव्या कानाला लाल, डाव्याला निळी. दोन्ही रेघा थोडं अंतर सपाट गेल्या आणि मग उतरणीला लागल्या. मग कागद हातभर लांब धरून वाचला, जसा दुसऱ्या कुणाचा असावा.

"ह्या पेशंटला मी काय सांगितलं असतं, माहिती आहे?" म्हणाले. "उद्याच्या उद्या डॉक्टरांना भेटा."

भेटले. सोमवारी संध्याकाळी जेवताना सांगितलं. आम्ही सगळे चमचे खाली ठेवून ऐकत होतो. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, ती बिघडलेल्या हेडफोनची गोष्ट ऐकली आणि भडकल्या. "अकरा लोक परत बोलावलेत तेव्हा मला खरं कारण सांगता येत नव्हतं?" असं दोन-तीनदा म्हणाल्या. हे उभेच. मग त्या खिडकीपाशी जाऊन आल्या आणि विचारलं, "कानातलं मशीन कधी लावताय?"

"आणि खोली?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"खोली माझीच. पेशंटचं बोट बघायला डोळे लागतात, ते शाबूत आहेत." पाण्याचा घोट घेतला. "पण सकाळचं ऐकणं आता काउंटरवरची मुलगी करणार. तो रकाना तिचा. सही तिची."

एकतीस वर्षांचा रकाना. मग आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे नको तिथे तोंड उघडलं. "पत्त्यांत आता तरी हरणार का रे?" आणि भावोजी म्हणाले, "त्याला कान लागत नाहीत, दादा, डोकं लागतं."

कानातली मशीनं आली तेव्हा त्या माणसाने आमच्या नाकीनऊ आणले. हजारो लोकांना ज्या तक्रारींवर 'सवय होईल' म्हणून सांगितलं, त्या सगळ्या स्वतः केल्या. नळ किती ओरडतो. वर्तमानपत्र एवढं का वाजतं. वहिनी, तुम्ही कायम असंच बोलता? मी म्हटलं, सवय होईल. फ्रिजने टिंटिं केलं तर खुर्चीतून ताडकन उठले आणि दार लावलं. मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. दोनदा.

मग एका रविवारी टेबलावर बसले, वही काढली. कानातल्या मशीनांवर हेडफोन नीट बसेपर्यंत चार वेळा काढले-घातले. धाकटीचा पहिला भाग लावला, म्हणजे माझा. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, जशी लहानपणी राहायची.

दोन मिनिटं झाली. घड्याळाकडे बघितलं नाही. पाच झाली. चेहरा दगड. मग मी हेअरपिना मोजते तो भाग आला असणार, कारण खांदे हलायला लागले. त्या दाराच्या मुठीपाशी तर डोळे पुसले. शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढले आणि धाकटीला म्हणाले,

"माइक तोंडापासून जरा लांब धर. तुझा 'स' टोचतो."

"टोचतो?"

"सुईसारखा."

ती इतकी खूश झाली की काय सांगू! भावोजींनी वही उघडली. ती जुनी फुली खोडायला जातील असं मला वाटलं होतं, पण रकान्यांच्या बाबतीत ते फार काटेकोर आहेत. फुली होती चढाच्या रकान्यात, ती तशीच ठेवली आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं: हसू येतं. मग उताराच्या रकान्यात बरोबरची खूण केली, आणि पुढे भागांचा आकडा घातला. आठ.